मोटरींचा सप्ताह

बेलसरीच्या मारुतीच्या देवळात दर मार्गशीर्षात सप्ताह बसे, आणि सप्ताह उठेपर्यंत वीणा जमिनीला टेकत नसे. दिवस असो रात्र असो, ती कोणाच्या ना कोणाच्या गळ्यात असायचीच. एकाचा पहारा संपला की दुसऱ्यानं पुढं यायचं, पहिल्याच्या पाया पडायचं आणि गळ्यातून गळ्यात वीणा घ्यायची. मधल्या क्षणालासुद्धा तार बोलती पाहिजे. बांधावरून वर्षभर एकमेकांचं तोंड न पाहणारी माणसं त्या आठवड्यात एकमेकांच्या पाया पडत, आणि वीणा पुढं जाई. नानाजी रेवतकराला जगात याहून सुंदर काही वाटत नसे.

नानाजी कीर्तनाचा वेडा. नरखेड तालुक्यात कुठंही कीर्तन असल्याचं कानावर आलं की खांद्यावर घोंगडं टाकून हा निघालाच. बुवांनी पूर्वरंगात पद धरलं की याचे डोळे भरत, आणि उत्तररंगात गोष्ट रंगली की हा इतक्या जोरानं "वाहवा!" म्हणे की टाळकऱ्यांचा ठेका चुके. असा माणूस संसारात भोळा असतो. नानाजीही होता. पण त्याची संत्र्याची बाग मात्र गावात नाव घेण्यासारखी होती, कारण ती एकट्या त्याची नव्हती. रोपं लहान होती तेव्हा सगळे उन्हाळे प्रयागबाईनं डोक्यावर घागरी वाहून त्यांना पाणी घातलं होतं. बायको म्हणून तिनं नवऱ्याचं पुष्कळ ऐकलं, पण झाडांच्या बाबतीत नानाजी तिचं ऐके.

एकच शल्य होतं. मुलगा गिरिधर कळमेश्वरला कारखान्यात लागला होता. सणाला यायचा तर नखांत काळं तेल घेऊन यायचा. बाप म्हणे, "अरे, इतकी बाग हाय, तू तिकडं दुसऱ्याचं लोखंड काहून घासून राहिला?"

"बागेत राहून काय करू, बाबा? व्यापारी फुलावरच बाग मांगते, भाव तोच सांगते. तोडलेला माल ठेवाले जागा नाही. आपल्या गावात थंडं गोदाम असतं, भाव येईपर्यंत संत्री ठेवता आली असती, तं मी कायले गेलो असतो?"

नानाजी उठून देवळात जाई. तो मारुतीकडं पाही. मारुती शेंदरात हसत असे.

त्या वर्षी सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी, काल्याच्या कीर्तनाला, नागपूरहून गोपाळराव साहेब आले. सरकारात विकासाच्या योजना आखणारे, धरमपेठेत राहणारे. माणूस चांगला होता हे आधीच सांगतो. घोंगडीवर सगळ्यांत बसले, हातावर काला घेऊन खाल्ला, बोटं चाटली. मग त्यांनी पिशवीतून एक मोठा कागद काढला आणि देवळाच्या खांबाला, पताकेच्या खिळ्यावर टांगला. त्यावर एक रेघ होती, खालून वर चढत गेलेली.

"हे खाली आहेत ते गरीब देश," साहेब म्हणाले. "इथं माणशी वीज किती जळते? नखाएवढी. जसजसं वर जावं तसतशी वीज वाढते, आणि तसतशी माणसाची कमाई वाढते. वीज वापरणारा देश गरीब राहिलेला मला एक दाखवा!"

मागून रामाजी कडू उठला. गावात कोणाचीही टोपी उडवल्याशिवाय त्याला जेवण जात नसे. "साहेब, गावंढळ माणूस म्हणून विचारतो. बिजली जाळल्यानं माणूस पैशेवाला होते, का पैशेवाला झाल्यावर बिजली जाळते?"

देऊळ हसलं. साहेबही हसले. "दोघी बहिणी आहेत, रामाजी. हात धरून चालतात. एक आली की दुसरी येतेच."

"वाहवा!" नानाजी म्हणाला. त्याला वाटलं, बुवांनी सांगावं तसं साहेबांनी सांगितलं.

जाताना साहेबांनी एक गोष्ट आणखी सांगितली, आणि तिनंच पुढचं सगळं घडवलं. या भागात शीतगृह व्हायचं होतं. संत्री थंडीत ठेवायचं मोठं गोदाम, त्याला लागून विजेचं मोठं ठाणं. कुठं करायचं ते ठरलं नव्हतं. "जिथं विजेची मागणी दिसेल तिथं," साहेब म्हणाले. "पौषाअखेरचे आकडे वर मागवलेत." आणि जीपमध्ये बसून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी पारावर गाव जमलं. शीतगृह आपल्याकडं यावं असं कोणाला वाटणार नाही? पण अडचण सगळ्यांना माहीत होती. मार्गशीर्ष-पौष म्हणजे संत्र्याच्या ताणाचे दिवस. या दिवसांत झाडाला पाणी तोडायचं असतं. झाड तहानतं, पानं मलूल होतात, आणि नेमक्या वेळी पाणी सोडलं की अंगभर फुलतं. तो आंबिया बहार. ताण मोडला तर फूल नाही, फूल नाही तर फळ नाही. म्हणजे मोटरी बंद ठेवायचे दिवस तेच, आणि सरकार आकडे पाहणार ते दिवसही तेच.

"आपल्या नशिबी हे असंच," कोणीतरी म्हणालं.

नानाजी पाराच्या कडेला बसला होता. त्याच्या डोळ्यांसमोर वीणा होती, गळ्यातून गळ्यात जाणारी. तो एकदम म्हणाला, "मोटरीचा सप्ताह बसवू."

"काय?"

"अखंड. पहारे लावू. एका मोटरीनं दमावं तं दुसरीनं उचलावं. पाणी झाडाले द्याचंच नाही. नळाचं तोंड वळवून परत विहिरीत सोडाचं. विहिरीतलं पाणी विहिरीत. ताण मोडत नाही, अन मीटर फिरते."

 मग रामाजीनं मांडीवर थाप मारली. "देवानं माणसाले नामस्मरण देलं, नानानं मोटरीले देलं! बावा, सरकारले हे सुचलं नसतं!"

हसत हसतच ठरलं. पण हसत ठरलेली गोष्ट बेलसरीत कधी मोडली नव्हती. मारुतीसमोर नारळ फुटला, शब्द दिला गेला. सात दिवसांनी काय दिसणार, म्हणून पौष सरेपर्यंत सप्ताह चालवायचं ठरलं.

घरी प्रयागबाई तांदूळ निवडत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. सूप बाजूला ठेवलं.

"अवो, तुमी कोणाले फसवून राहिले? सरकारले का देवाले?"

"कोणालेच नाही वं. बिजली खरीच जळन नं? मीटर खोटं बोलते का?"

"अन पाणी?"

"पाणी कुठं जाते? विहिरीतच तं हाय."

"मंग झालं काय?" ती म्हणाली. "इतकी मोटर चालली, इतका आवाज झाला, बिल आलं, अन झालं काय?"

नानाजी म्हणाला, "गिरिधर घरी येईन."

तिनं सूप पुन्हा ओढून घेतलं.

आणि मग बेलसरीत मोटरींचा सप्ताह बसला. आज ऐकणाऱ्याला हसू येईल, पण ज्यांनी ते पाहिलं त्यांना ते दिवस सुखाचे वाटले होते. सकाळी या बागेची मोटर, दुपारी त्या बागेची, संध्याकाळी दोन्ही मिळून. पहारा बदलताना माणसं खरोखर एकमेकांच्या पाया पडत. लोखंडी नळ विहिरीवर उलटा वळवलेला, पांढरं पाणी धो धो करून पुन्हा त्याच काळ्या पाण्यात पडे आणि तुषार उडत. बायका तिथंच धुणं आणत. घराघरांत दिवसाढवळ्या दिवे लागलेले. देवळातही एक मोठा बल्ब टांगला, आणि शीतगृह येईपर्यंत तो विझवायचा नाही असं ठरलं. नानाजी स्वतःच्या विहिरीच्या काठावर बसून मोटरीचा आवाज ऐके. एका सुरातला, तंबोऱ्यासारखा. त्या सुरावर तो मनातल्या मनात पदं म्हणे. विठ्ठला, तू कुठं कुठं वस्तीला येशील ते सांगता येत नाही, असं त्याला वाटे.

विजेचा दाब मात्र कमी पडू लागला. इतक्या मोटरी एका लहान डीपीवर, म्हणजे गावाबाहेर दोन खांबांवर बसवलेल्या त्या लोखंडी पेटीवर, एकदम कधी चालल्याच नव्हत्या. दिवे लालसर होत. मोटरीचं बटण आपोआप सुटे, मोटर बंद पडे. पहारा मोडला की अपशकुन झाल्यासारखं वाटे. कोणीतरी युक्ती काढली: बटण आत दाबायचं आणि वर पऱ्हाटीच्या काडीची पाचर मारायची. कापसाची वाळकी काडी, शेतात हवी तितकी. मग बटण सुटत नसे. नानाजीनं आपल्या हातानं पाचर ठोकली आणि तिला हळदकुंकू लावलं.

गावच्या लाईनवरचा वायरमन सायकलवरून जाताना थांबला. "नानाजी, डीपी तापून राहिली. हात लावला तं पोळते."

"तापन नाही तं काय," रामाजीच परस्पर म्हणाला. "विकास जवळ आला नं तिच्या!"

वायरमनही हसला आणि गेला.

इकडं बाग ताणावर बसली होती. पानांचा रंग उतरला, कडा आत वळल्या. प्रयागबाई रोज संध्याकाळी झाडांतून फिरे, पान चिमटीत धरून पाही. एक दिवस आली आणि म्हणाली, "झालं. पोटभर तहानले. उद्या नळ फिरवा अन पाणी सोडा. आता थांबलं तं नुसतं मरण."

"उद्या पौष सरते," नानाजी म्हणाला. "उद्या सप्ताह उठवू. सकाळी आरती झाली का पहिलं पाणी तुह्या हातानं."

आरती झालीच नाही. सकाळी सगळ्या मोटरी मिळून चालवायचं ठरलं होतं, शेवटचा दिवस म्हणून, काल्यासारखा. सगळीकडून आवाज उठला. नानाजीच्या अंगावर काटा आला. आणि गावाबाहेरून एकच मोठा आवाज आला, ढग फुटल्यासारखा. डीपीच्या खांबांवर काळा धूर दिसला. एकेक मोटर खाली खाली सूर सोडत बंद पडली. विहिरीत पडणारं पाणी थांबलं. इतकी शांतता झाली की तुषार खाली पडल्याचंही ऐकू आलं.

प्रयागबाई बांधावर फावडं घेऊन उभी होती.

विहीर भरलेली होती. काठावर वाकलं की आपलं तोंड दिसे. पण पाणी वर काढायचं कशानं? मोटेचे बैल विकले त्याला वर्षं लोटली होती. बैल चालायची उताराची वाट खणून तिथं मोटरीची खोली बांधली होती. मोटेचं चामडं उंदरांनी खाल्लं होतं. शेजारच्या गावात कोणाकडं डिझेलचं इंजिन होतं, ते एक दिवस मिळालं. अर्धी बाग भिजली. पण मालकाची स्वतःची झाडं तहानली होती, त्यानं ते नेलं. त्याला तरी काय म्हणावं?

भिजलेली अर्धी बाग फुलली. पांढरी शुभ्र. वास वेशीपर्यंत आला. दुसऱ्या पाण्याची वेळ आली आणि पाणी नव्हतं, तसा तो सगळा बहार बुडाशी गळला. प्रयागबाईनं घागर काढली. पुन्हा डोक्यावर चुंबळ, पुन्हा विहीर, पुन्हा झाड. पण रोपाला घागर पुरते, वाढलेल्या झाडाला ती जिभेवरच्या थेंबासारखी. नानाजी तिच्याबरोबर दोर ओढे. ओढता ओढता तो नाम घ्यायला लागला आणि अर्ध्यातच थांबला. प्रयागबाईनं वळून पाहिलं. एवढ्या वर्षांत तसं कधी झालं नव्हतं.

बिजलीच्या ऑफिसात गावकरी किती वेळा गेले ते विचारू नका. तिथं दर वेळी एकच उत्तर मिळे, आणि ते खोटं नव्हतं. बेलसरीचा वापर कागदावर इतका वाढला होता की पहिल्यासारखी लहान डीपी आता देता येत नव्हती. मोठी हवी. मोठीला वरची मंजुरी हवी. लहान मागणीचं गाव असतं तर लहान डीपी स्टोअरमध्ये पडून होती.

फाल्गुनात नानाजी नागपूरला गेला. धरमपेठेत गोपाळराव साहेबांचं घर शोधलं. साहेब ओळखून हसले, हाताला धरून पंख्याखाली बसवलं, आत चहा सांगितला.

"नानाजी, बेलसरीनं कमाल केली! वरच्या बैठकीत मी तुमच्या गावाचं उदाहरण दिलं. ऐन हिवाळ्यात, ताणाच्या दिवसांत, एवढा वापर! लोक म्हणतात शेतकरी वीज घेत नाही. मी म्हटलं, जाऊन बघा."

"साहेब, शीतगृह?"

साहेबांचा चेहरा जरासा पडला. "ते कळमेश्वरकडे गेलं. तिथं कारखाने आहेत, लाईन आधीच आहे. पण तुम्ही निराश होऊ नका. तुमचं गाव आता मागासलेल्यांत धरत नाहीत. मागासलेल्या गावांची मदत ज्यांच्याकडे काही नाही त्यांना. तुम्ही त्या पायरीच्या वर चढलात."

पंखा फिरत होता. नानाजीनं टोपी काढली आणि हातात धरली.

"साहेब, तुमाले एक सांगाचं हाय. आमी पाणी विहिरीतून काढत होतो अन विहिरीतच सोडत होतो."

साहेबांना कळायला वेळ लागला. नानाजीनं पुन्हा सांगितलं. वीणेचं सांगितलं, पहाऱ्याचं सांगितलं, पाचरीचं सांगितलं. काही लपवलं नाही. सांगता सांगता त्याला वाटलं, आता हे रागावतील, हाकलून देतील, आणि तसं झालं तर बरं होईल.

साहेब रागावले नाहीत. त्यांनी खुर्ची जवळ ओढली. मग हळूच म्हणाले, "पण वीज तर जळली ना, नानाजी. जळलेली वीज न जळलेली कशी लिहायची?"

चहा आला. नानाजी तो पिऊन उठला. दुसऱ्याच्या घरचा चहा टाकू नये म्हणून प्याला. दारात साहेब म्हणाले, "माझी चूक झाली का हो?" नानाजीला त्यांची कीव आली. तो म्हणाला, "नाही साहेब. तुमी सांगतलं ते चांगलंच होतं." आणि एसटी स्टँडकडे चालू लागला.

वैशाखात झाडांचे शेंडे वाळले. वाळण वरून खाली उतरत आलं, आणि ज्येष्ठात प्रयागबाईनं नख लावून साल पाहिली तर आतही कोरडं होतं. मृगाचा पाऊस त्या वर्षी चांगला झाला. त्याचा उपयोग तणाला झाला. कुऱ्हाड लावायला गिरिधर कळमेश्वरहून दोन दिवसांची सुटी काढून आला. अशा तऱ्हेनं तो घरी आला. बापाशी एक शब्द वाकडा बोलला नाही. बुंधे तोडले, गाडीत भरले. जाताना म्हणाला, "बाबा, तुमी दोघंही चला तिकडं. एक खोली हाय." प्रयागबाई म्हणाली, "सप्ताहापर्यंत राहू दे तुह्या बाबाले."

एकट्या नानाजीचं असं झालं नाही. ज्यांनी पहारे दिले त्या सगळ्यांच्या बागा गेल्या होत्या. दिवाळीपर्यंत घरं रिकामी होऊ लागली. रामाजीसुद्धा गेला. त्या नव्या शीतगृहाच्या फाटकावर चौकीदार म्हणून. त्यानं निरोप पाठवला: "नानाले सांगा, दुसऱ्याची संत्री आत गारव्यात बसून राहिली, अन मी बाहेर उन्हात." लोकांनी निरोप सांगितला, पण हसलं कोणी नाही.

मार्गशीर्ष आला. सप्ताह मोडायचा नाही म्हणून बसवला. बुवा आले नाहीत, कारण बुवांना द्यायला गावात काही नव्हतं. टाळकरी दोघेच. पण वीणा होती.

चौथ्या दिवशी दुपारी नानाजीच्या गळ्यात वीणा होती. त्याचा पहारा कधीच संपला होता. पुढचा पहारा वरच्या आळीतल्या रुपरावाचा. नानाजी तार छेडत दाराकडं पाहत उभा होता. त्याच्या पायांना मुंग्या आल्या होत्या. टाळकरी जेवायला गेले ते आले नव्हते.

प्रयागबाई ओसरीवर आली. लुगड्याच्या पदरानं घाम पुसला.

"रुपराव?" नानाजीनं विचारलं.

"सकाळच्या एसटीनं गेले. बायकालेकरं घेऊन. नागपूरले काम भेटलं म्हणतेत."

"मंग कोणाले तरी सांग."

"सांगून आली. कोणी नाही."

नानाजीनं मान हलवली. वीणा खाली ठेवायची नसते. तो तार छेडत राहिला.

तेवढ्यात त्याच्या डोक्यावर काहीतरी पिवळं झालं. त्यानं वर पाहिलं. गेल्या वर्षी टांगलेला तो मोठा बल्ब, धुळीनं आणि कोळ्याच्या जाळ्यानं भरलेला, भर दुपारी जळत होता. सकाळपासून गावाबाहेरच्या खांबावर माणसं चढलेली त्यानं पाहिली होती. मोठी डीपी आली होती.

आणि लगेच बागेच्या बाजूनं आवाज आला. त्याच्या मोटरीचा. पऱ्हाटीची पाचर बटणात तशीच होती, ती कोणी काढलीच नव्हती. जवळजवळ वर्षभर ती बटण दाबून बसली होती.

नानाजीनं कान दिला. पाणी उचलताना मोटरीचा सूर भरलेला लागतो. हा तसा नव्हता. नळातलं पाणी केव्हाच उतरून गेलं होतं. मोटर कोरडी फिरत होती, घशाला कोरड पडलेल्या माणसानं ओरडावं तशी. खुंट उभे असलेल्या रानातून तो आवाज थेट देवळात येत होता. मोटरीच्या खोलीतल्या भिंतीवर मीटरचं चाक आता फिरत असेल.

"बंद करून येऊ का?" प्रयागबाई म्हणाली.

नानाजीला हो म्हणायचं होतं. त्याला स्वतःला धावत जायचं होतं, ती काडी उपटून विहिरीत फेकायची होती. पण गळ्यात वीणा होती आणि ती घ्यायला कोणी नव्हतं.

"जा," तो म्हणाला.

ती पायऱ्या उतरून उन्हात गेली. नानाजीनं तार छेडली. मोटरीच्या आवाजात ती त्याला स्वतःलाही ऐकू आली नाही. त्यानं नाम घ्यायला तोंड उघडलं, आणि तसंच उघडं ठेवून तो उभा राहिला, जळत्या दिव्याखाली, रिकाम्या घोंगड्यांसमोर.